नहपानाच्या चेहऱ्यावरचा शिक्का

१९०६ साली नाशिक जिल्ह्यातील जोगलथेंबी या गावी चांदीच्या नाण्यांचा मोठा साठा हाती लागला. मोजणीत तो १३,२५० च्या आसपास भरला. नाणी मुळात एकाच राजाची होती: क्षहरात वंशातील क्षत्रप नहपान. एका बाजूस त्याचा मुखवटा आणि भोवती ग्रीक अक्षरे, दुसऱ्या बाजूस बाण व वज्र आणि त्यांच्याभोवती ब्राह्मी व खरोष्ठी लेख. परंतु यांतल्या दोनतृतीयांशांहून अधिक नाण्यांवर त्या चेहऱ्याच्या नाकाडोळ्यांवरूनच दुसरा ठसा मारलेला होता. तीन कमानींचा डोंगर, त्याखाली नागमोडी नदी, भोवती नाव गौतमीपुत्र सातकर्णीचे. उलट बाजूस उज्जैन चिन्ह.

नाणी वितळवून नवी पाडता आली असती. तसे केले नाही. जुना चेहरा खालून दिसत राहील आणि त्यावर नव्या राजाचे चिन्ह असेल, अशीच ती पुन्हा बाजारात आली. महाराष्ट्राच्या प्राचीन इतिहासातील सर्वांत मोठ्या युद्धाचा इतका बोलका पुरावा दुसरा नाही.

हा नहपान कोण, हे समजण्यासाठी सह्याद्रीपासून फार दूर जावे लागते. चीनच्या उत्तरेकडील गवताळ प्रदेशात श्योंगनू टोळ्यांनी युएची टोळ्यांना हुसकावले, युएचींनी पुढे सरकत शकांना हुसकावले, आणि घोड्यांच्या पाठीवर आयुष्य काढणारे शक इराणच्या पूर्व भागातून सिंधूच्या खोऱ्यात उतरले. त्यांच्यातल्या एका शाखेने सौराष्ट्र, गुजरात आणि माळवा घेतला. या प्रवासाला पिढ्या लागल्या. महाराष्ट्रात पोचेपर्यंत शक केवळ भटके घोडेस्वार उरले नव्हते. इराणी सत्तेकडून उचललेली ‘क्षत्रप’ ही पदवी, ग्रीकांकडून उचललेली नाण्यांची घडण आणि इथल्या देवाब्राह्मणांना व भिक्खूंना दाने देण्याची रीत, असे सगळे त्यांनी आपलेसे केले होते.

त्यांना सह्याद्रीकडे खेचले ते व्यापाराने. ‘पेरिप्लस’ या ग्रीक नाविक-ग्रंथात भरुच बंदराचे वर्णन आहे. रोमन जगातून तिथे मद्य, चांदीची भांडी, सोन्याचांदीची नाणी येत. पैठणहून आणि तेरहून गाड्यांतून माल उतरे. पैठण भरुचपासून वीस दिवसांच्या वाटेवर होते. हाच ग्रंथ सांगतो की कल्याण बंदरात एखादे ग्रीक जहाज शिरलेच, तर त्याला पहाऱ्यात भरुचला नेले जाई. सातवाहनांचे बंदर बंद पाडायचे आणि जकात आपल्या बंदरात वळवायची, असा तो डाव होता. नाणेघाट, जुन्नर, कार्ले, नाशिक ही ठिकाणे नकाशावर एकापुढे एक मांडली की घाटमाथ्यावरून बंदराकडे उतरणाऱ्या वाटा दिसू लागतात. नहपानाच्या माणसांचे शिलालेख नेमके याच वाटांवर आहेत.

त्यांतला प्रमुख माणूस म्हणजे नहपानाचा जावई ऋषभदत्त. लेखांत त्याचे नाव ‘उषवदात’ असे येते. दीनिकाचा हा पुत्र, जातीने शक. नहपानाची मुलगी दक्षमित्रा ही त्याची पत्नी. नाशिकच्या पांडवलेण्यांतील दहाव्या लेण्यात त्याने जे कोरून ठेवले आहे ते वाचताना परकीय आक्रमकाची आपल्या मनातली प्रतिमा जरा डळमळते. तीन लक्ष गाई दान, देवाब्राह्मणांना सोळा गावे, वर्षाला लक्ष ब्राह्मणांना भोजन, तापी, दमणगंगा, पार अशा नद्यांवर फुकट होड्या, पुष्करला स्नान आणि पुन्हा दान.

लेण्यातल्या भिक्खूंसाठी त्याने तीन हजार कार्षापणे गोवर्धनच्या विणकर-श्रेणींकडे ठेव म्हणून ठेवली. दोन हजार एका श्रेणीकडे, दरमहा शेकडा एक व्याजाने. एक हजार दुसरीकडे, शेकडा पाऊण व्याजाने. मुद्दल परत घ्यायचे नाही, फक्त व्याज वापरायचे. पहिल्या ठेवीचे वर्षाचे व्याज २४० होते आणि त्यातून वीस भिक्खूंना प्रत्येकी बारा कार्षापणे चीवरासाठी मिळायची. हिशेब चोख जुळतो. ज्या राज्यात अशी कायमची ठेव ठेवावीशी वाटते, तिथल्या राज्यकर्त्याला आपली सत्ता कायमची वाटत असणार.

या काळात सातवाहन कुठे होते? पश्चिम महाराष्ट्र त्यांच्या हातून गेला होता, हे नाशिक, कार्ले आणि जुन्नरच्या लेखांवरून उघड आहे. विदर्भाचे काय झाले, या प्रश्नाचे उत्तर नागपूरच्या आग्नेयेला वैनगंगेच्या काठी, भंडारा जिल्ह्यातील पवनी येथे मिळते. मौर्योत्तर काळातले हे तटबंदीचे नगर आणि बौद्ध स्तूपांचे ठिकाण. तिथे एक स्मारकस्तंभ सापडला. त्यावर रूपिअम्म नावाच्या महाक्षत्रपकुलातील पुरुषाचे नाव आहे. लेख छोटा आहे, पण महाक्षत्रपाच्या घरातला कोणी वैनगंगेच्या काठी स्मारकरूपाने उभा राहतो, याचा अर्थ शकांचा हात कधीतरी इतक्या पूर्वेपर्यंत पोचला होता.

नागपूरचे महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी या स्तंभाला मोठे महत्त्व दिले. नाशिकच्या लेखात गौतमीपुत्र स्वतःला ‘बेनाकटकाचा स्वामी’ म्हणवतो. बहुतेक अभ्यासक हे बेनाकटक गोवर्धन परिसरातच, म्हणजे नाशिकजवळच शोधतात, कारण लेखात त्या शब्दाच्या आधी ‘गोवर्धन’ हे नाव षष्ठी विभक्तीत आले आहे. मिराशींनी मात्र बेना म्हणजे वैनगंगा असे मानले आणि दुसऱ्या प्रवरसेन वाकाटकाच्या तिरोडी ताम्रपटात येणाऱ्या ‘बेन्नाकट’ प्रदेशाकडे बोट दाखवले. पश्चिमेकडून हुसकावले गेलेले सातवाहन वैनगंगेच्या खोऱ्यात टिकून राहिले, गौतमीपुत्राने आधी विदर्भ मोकळा केला आणि मग नाशिककडे कूच केले, अशी त्यांची मांडणी. व्याकरणाच्या बाजूने पाहिले तर नाशिकचा पक्ष अधिक सरळ वाटतो. तरीही पवनीचा स्तंभ आपल्या जागी आहेच, आणि गौतमीपुत्राच्या आईने पुढे जी प्रदेशांची यादी कोरवली तिच्यात विदर्भाचे नाव स्पष्ट आहे. वाशिमजवळच्या तऱ्हाळा गावी १९३९ साली सापडलेल्या सुमारे १,६०० सातवाहन नाण्यांतही गौतमीपुत्राच्या नाण्यांचा भरणा मोठा आहे. युद्धाची सुरुवात कुठूनही झालेली असो, विजयानंतर वऱ्हाड-नागपूरचा मुलूख सातवाहनांचा होता.

प्रत्यक्ष लढाईचे वर्णन कोणत्याही शिलालेखात नाही. जैन आवश्यक-वाङ्मयात मात्र एक कथा आहे. भरुचचा राजा नहवाहन खजिन्याने समृद्ध होता, पैठणचा सालवाहन सैन्याने. सालवाहन दरवर्षी भरुचला वेढा घाली आणि हात हलवत परते, कारण नहवाहन पैसा पेरून शत्रूची मुंडकी आणवी. अखेर सालवाहनाने आपल्या एका अमात्याला खोटेच हाकलून दिले. तो भरुचला गेला, राजाचा विश्वास मिळवला आणि त्याला पुण्यकर्माची गोडी लावली: देवळे बांधा, तळी खोदा, दाने द्या. खजिना रिता झाला. पुढच्या वेढ्यात सैनिकांना द्यायला काही उरले नाही आणि भरुच पडले.

कथा अर्थातच कथा आहे. पण ऋषभदत्ताच्या त्या तीन लक्ष गाई आणि सोळा गावे आठवली की ती रचणाऱ्याला काहीतरी ऐकीव ठाऊक असावे, असे वाटल्यावाचून राहत नाही.

लेखांतून जे निश्चित कळते ते असे. नहपानाच्या राजवटीचे लेख ४१ ते ४६ या वर्षांचे आहेत. शेवटचा, जुन्नरच्या मानमोडी लेण्यातला, त्याचा अमात्य अयम याचा. ही वर्षे शककालातली धरली तर ते साल इ.स. १२४ येते, ती राजवटीची मानणारे विद्वान हा सारा पट पहिल्या शतकात नेतात. यानंतर लगेच गौतमीपुत्राच्या अठराव्या वर्षाचे दोन आदेश आहेत, एक नाशिकचा आणि एक कार्ल्याचा. नाशिकचा आदेश विजयी सैन्याच्या छावणीतूनच सुटला आहे. गोवर्धनचा अमात्य विष्णुपालित याला राजा कळवतो: पश्चिम काखडी गावातील दोनशे निवर्तने शेत, जे आजवर ऋषभदत्ताच्या उपभोगात होते, ते त्रिरश्मी डोंगरावरच्या भिक्खूंना द्यावे. त्या शेतात राजपुरुषांनी शिरू नये, मिठासाठी खणू नये, जिल्ह्याच्या अंमलदारांनी ढवळाढवळ करू नये.

रणांगणाची धूळ खाली बसण्याआधी राजाने केलेले हे काम पाहण्यासारखे आहे. कार्ल्याला त्याने वलूरकच्या भिक्खूंना करजिक गाव दिले; हेच गाव त्याआधी ऋषभदत्ताने त्यांना दिले होते. संघाचे काही गेले नाही, गावाचेही वरवर काही बदलले नाही. बदलले ते दात्याचे नाव. नाण्यांचे जे केले तेच दानांचेही केले. यानंतर ऋषभदत्त लेखांतून नाहीसा होतो.

आणि मग, सहा वर्षांनी, त्याच भिंतीवर एक आणखी आदेश कोरला गेला. चोविसावे वर्ष. आता गोवर्धनचा अमात्य श्यामक आहे, आणि आज्ञा एकट्या राजाची नाही. ‘जिचा पुत्र जिवंत आहे’ अशा राजमातेचेही नाव सोबत आहे. मजकूर थोडक्यात असा: काखडी गावात आम्ही पूर्वी भिक्खूंना जे शेत दिले होते, ते शेत कोणी कसत नाही आणि ते गावही आता वसत नाही. म्हणून नगराच्या सीमेवरील राजाच्या शेतापैकी शंभर निवर्तने त्यांना द्यावीत.

विजयाच्या सगळ्या बिरुदांपेक्षा ही ओळ अधिक वेळ थांबायला लावते. गाव ओस का पडले, ते लेखात लिहिलेले नाही. पण ते कुठे होते ते पाहावे: दोन सैन्यांची झुंज झाली त्याच गोवर्धन आहारात. शत्रूच्या सेनापतीच्या ताब्यातली जमीन, म्हणजे ज्याच्या नावाने ती कसली जात होती तो माणूस गेलेला. कसणारी कुळे कुठे गेली? मारली गेली, पळाली, की नव्या मालकाच्या अंमलदारांना भिऊन घाट उतरून कोकणात गेली? राजाने छावणीतून दानपत्र लिहून दिले, शिरू नका, खणू नका असे बजावले. जमीन मात्र माणसांशिवाय पिकत नाही. हेही ध्यानात घ्यावे की दोनशे निवर्तनांच्या बदली शंभरच मिळाली. शंभर निवर्तने कसदार आणि गावालगतची म्हणून पुरेशी वाटली असतील, किंवा युद्धानंतर राजाच्याही हातात देण्याजोगे फार उरले नसेल.

राजमातेचे नाव इथे का यावे, यावरही तर्क झाले आहेत. राजा आजारी होता, दूर मोहिमेवर होता, असे नाना अंदाज. ‘जिचा पुत्र जिवंत आहे’ हे विशेषण त्या काळी रूढ असेलही, पण ते वाचताना चुटपुट लागते, कारण यानंतरच्या तारखेचा गौतमीपुत्राचा लेख मिळत नाही.

तीच आई, गौतमी बलश्री, नातू पुळुमावीच्या एकोणिसाव्या वर्षी पुन्हा बोलते. नाशिकचे तिसरे लेणे तिने भद्रायणीय भिक्खूंना दिले आणि दानाच्या निमित्ताने मृत मुलाची प्रशस्ती कोरवली. शक, यवन आणि पह्लवांचा नाश करणारा, क्षहरात वंश निःशेष करणारा, ज्याच्या घोड्यांनी तीन समुद्रांचे पाणी प्यायले असा. त्याच लेखात तो अपराधी शत्रूचाही जीव घेण्याची रुची नसणारा आहे आणि धर्मानेच कर घेणारा आहे. या दोन गोष्टी एका दगडावर शेजारी बसल्या आहेत. आईच्या दृष्टीने त्यांत विसंगती नसावी. पुढच्या काळाने मात्र पहिलीच गोष्ट लक्षात ठेवली.

जगाच्या दुसऱ्या टोकाला, हजार वर्षांनी, असाच एक प्रसंग घडला. ११२२ मध्ये बायझंटाईन सम्राट दुसरा जॉन कोम्नेनोस याने डॅन्यूब ओलांडून आलेल्या पेचेनेग टोळ्यांना बेरोईपाशी गाठले. पेचेनेगांनी आपल्या गाड्यांचा कोट केला होता; सम्राटाच्या कुऱ्हाडधारी वॅरेंजियन रक्षकांनी तो फोडला. वाचलेल्या पेचेनेगांना साम्राज्यात जमिनी देऊन वसवले, सैन्यात घेतले आणि एक स्वतंत्र सत्ता म्हणून ते लोक इतिहासातून पुसले गेले. विजयाचा वार्षिक उत्सवही सुरू झाला.

गौतमीपुत्राचा विजय असा टिकला नाही. क्षहरात खरोखरच संपले. त्यांच्या वंशाचा राजा पुन्हा दिसत नाही. पण शक हे केवळ एक घराणे नव्हते. कार्दमक नावाच्या दुसऱ्या शक कुळातला चष्टन पुढे आला. टॉलेमीच्या भूगोलात उज्जैन ही चष्टनाची राजधानी आहे आणि पैठण पुळुमावीची. कच्छमधील अंधौच्या लेखांत, इ.स. १३० मध्ये, चष्टन आणि त्याचा नातू रुद्रदामन ही दोन्ही नावे एकत्र येतात. १५० साली जुनागढच्या खडकावर रुद्रदामनाने जी प्रदेशांची यादी कोरवली, तिच्यात आकरावन्ती, अनूप, सुराष्ट्र, कुकुर, अपरान्त ही नावे आहेत. बलश्रीच्या यादीत हीच नावे तिच्या मुलाची होती.

रुद्रदामन पुढे सांगतो की दक्षिणापथपती सातकर्णीला त्याने दोनदा उघड युद्धात जिंकले, पण जवळच्या नात्यामुळे त्याचा उच्छेद केला नाही. हे नाते कोणते, ते मुंबईजवळच्या कान्हेरीला कळते. तिथल्या पाण्याच्या एका टाक्यावरील लेखात वासिष्ठीपुत्र सातकर्णीची राणी आहे, आणि ती कार्दमक वंशातील, महाक्षत्रपाची कन्या. म्हणजे शकांचा निःपात करणाऱ्याच्या घरात शकांची मुलगी सून म्हणून आली होती. पह्लवांचा नाश करणारा असे ज्याचे बिरुद, त्याच्या वंशजांना हरवणाऱ्या रुद्रदामनाचा सौराष्ट्रातला अमात्य सुविशाख हा पह्लव होता, आणि सुदर्शन तलावाचा फुटलेला बांध त्यानेच बांधून काढला.

नाण्यांचीही अदलाबदल झाली. सातवाहनांची जुनी नाणी शिसे, तांबे, पोटीन यांची. त्यांवर हत्ती, सिंह, उज्जैन चिन्ह. आता पुळुमावी, वासिष्ठीपुत्र सातकर्णी, यज्ञ सातकर्णी यांनी शकांसारखी चांदीची नाणी पाडली आणि त्यांवर राजाचा चेहरा आणला. तिकडे चष्टन आणि त्याच्या वंशजांनी मुखवटा ठेवला, पण उलट बाजूस नहपानाच्या बाण-वज्राऐवजी तीन कमानींचा डोंगर आणि नागमोडी नदी घेतली. गौतमीपुत्राने नहपानाच्या गालावर मारलेले चिन्ह ते हेच. पुढची सुमारे तीनशे वर्षे ते शकांच्याच नाण्यांवर राहिले.

या नाण्यांवर आणखी एक गोष्ट सलग येते: सन. क्षत्रपांनी पिढ्यान्पिढ्या जी कालगणना वापरली ती इ.स. ७८ पासूनची. दख्खनमध्ये शेकडो वर्षे तिला नुसते शकवर्ष, शकराजांचा काळ असे म्हणत. शालिवाहनाचे नाव तिला फार पुढे, मध्ययुगात जोडले गेले. मग गुढीपाडव्याची कथा तयार झाली: कुंभाराच्या घरच्या शालिवाहनाने मातीचे सैन्य केले, त्यात प्राण फुंकला आणि शकांना हरवले. आज घरोघरच्या पंचांगात ‘शालिवाहन शके’ असे छापलेले असते. जिंकणारा आणि हरणारा दोघेही त्या दोन शब्दांत आहेत.

क्षत्रपांचा शेवट सातवाहनांच्या हातून झालाच नाही. तो झाला चौथ्या शतकाच्या अखेरीनंतर, दुसऱ्या चंद्रगुप्ताकडून. माळवा आणि गुजरातवर चालून जाण्यासाठी त्याला दख्खनची बाजू सुरक्षित हवी होती, आणि त्याची मुलगी प्रभावतीगुप्ता वाकाटकांच्या घरात दिलेली होती. पती रुद्रसेन लवकर वारल्यावर अल्पवयीन मुलांच्या नावाने तिने कारभार पाहिला, तो नंदिवर्धनहून; आजचे रामटेकजवळचे नगरधन, नागपूरहून जेमतेम तासाभराच्या वाटेवर. तिच्या वडिलांनी जिंकलेल्या मुलखात जी चांदीची नाणी पाडली, त्यांवर डोंगराच्या जागी गरुड आला. राजाचा मुखवटा मात्र तसाच ठेवला, आणि त्याच्याभोवती नहपानाच्या काळापासून चालत आलेल्या, आता कोणालाच वाचता न येणाऱ्या ग्रीक अक्षरांच्या काही रेघाही.